फासा कधी टाकायचा?

१. यात खेळायचं काय?

टेबलावर पट नसतो, पत्ते नसतात. सोंगट्या असल्याच तर शोभेपुरत्या. चार-पाच माणसं वह्या-पेन्सिली घेऊन तीन-तीन तास बोलत बसतात. मधूनच कुणीतरी फासा टाकतं, आरडाओरडा होतो, आणि उठताना कुणी जिंकलेलं नसतं की हरलेलं नसतं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी बसलं, तेव्हापासून आईबापांचा प्रश्न ठरलेला आहे : यात खेळायचं काय? आणि मुलाने समजावून सांगितलं की लगेच दुसरा, अधिक नेमका प्रश्न येतो : एक जण गोष्ट सांगणार आणि बाकीचे तिच्यात मनाला येईल ते करणार, तर मग शे-दोनशे पानांचे नियम कशाला?

दुसरा प्रश्न चांगला आहे. हे प्रकरण त्याच्याबद्दलच आहे. पण आधी खेळ कसा चालतो ते बघू.

समजा, मुरब्यातल्या एका घराच्या ओटीवर बैठक जमली आहे. मुरबे म्हणजे पालघर जिल्ह्यातलं मच्छीमारांचं गाव. मधे खाडी आणि पलीकडे दक्षिणेला सातपाटी. गोष्ट सांगणारी आहे एक आत्या. तिला आपण सूत्रधार म्हणू. खेळणारे तिघं. एक भाचा बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, झालाय, दुसरा खलाशी. तिसरा बोईसरचा, तारापूर एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीत कामाला. खेळात तो शहरातून आलेला पाहुणा आहे, म्हणजे त्याला फारसं सोंग घ्यावं लागत नाही.

आत्या : रात्रीचे दोन. वारा पडलाय. खाडीचं तोंड समोर, सातपाटीचे दिवे उजव्या हाताला. पाण्यात काहीतरी पोहत येतंय. बोटीच्या काठाला हात टेकून ते म्हणतं, ‘माझा वाटा?’

खलाशी : आत्या, हा गिऱ्हा आहे! मी टॉर्च मारतो त्याच्या तोंडावर.

आत्या : तोंड नाहीये.

तांडेल : इंजिन बंद करू नका कुणी.

पाहुणा : मी त्याला सुकट देतो. पिशवीत आहे माझ्या, घरी न्यायला घेतलेली.

आत्या : बरं. हात पुढे करून तू सुकट धरलीस. तुमचं बाकीच्यांचं काय?

खेळ तो इतकाच. प्रत्येक खेळाडू एका माणसाचं बोलतो आणि ठरवतो. त्याच्याभोवतीचं सगळं जग, म्हणजे वारा, दिवे, गिऱ्हा आणि उद्या बाजारात भेटणारी मावशी, सूत्रधाराच्या ताब्यात. सूत्रधार सांगतो की काय दिसतंय, मग विचारतो की तुम्ही काय करता, मग सांगतो की त्याने काय झालं. पुन्हा पहिल्यापासून.

घोडं अडतं ते तिसऱ्या पायरीवर. बुडून मेलेल्या माणसाचा गिऱ्हा सुकटीवर राजी होतो का? खलाशी म्हणतो, होत नाही, त्याला ताजी मासळी लागते. पाहुणा म्हणतो, होतो, न व्हायला काय झालं? कुणाचं खरं?

२. प्रशियाच्या टेबलावरचा पंच

हा पेच दोनशे वर्षं जुना आहे, आणि तो पहिल्यांदा नीट सोडवला तो भुताखेतांशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी. प्रशियात गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ या गृहस्थाने १८१२ मध्ये राजाला एक युद्धखेळ दाखवला. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यातला अधिकारी होता, त्याचे पक्के नियम छापले. लढाई नकाशावर चालायची, नकाशाचं प्रमाण १ : ८०००. लाल आणि निळे ठोकळे म्हणजे दोन सैन्यं, आणि प्रत्येक खेळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. गोळीबारात किती माणसं पडली ते फाशांनी आणि तक्त्यांनी ठरायचं.

यातली खरी युक्ती नकाशात नव्हती, मधे बसलेल्या पंचात होती. खेळणारे एकमेकांशी खेळतच नसत. दोघेही आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाला देत, आणि तुझ्या सैनिकांना इथून काय दिसतंय तेवढंच पंच प्रत्येकाला सांगे. टेकडीमागे शत्रू आहे की नाही हे टेकडीवर चढल्याशिवाय कळायचं नाही. आपल्या आत्याचं निम्मं काम या पंचाने करून ठेवलं आहे.

पुढे या खेळात दोन तट पडले. तक्ते वाढत गेले, खेळ रखडायला लागला. दहा मिनिटांच्या चकमकीचा हिशेब करायला तास लागला तर अधिकारी शिकणार काय? १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने मांडलं की फासे आणि तक्ते बाजूला ठेवा. अनुभवी पंचाला लढाई ठाऊक असते, तो सांगेल तो निकाल. या पद्धतीला मोकळा खेळ म्हणू लागले, जुन्या पद्धतीला कडक.

आज जगात कुठेही या खेळाचे दोन शौकीन भेटले की ते याच मुद्द्यावर भांडतात. नियम जास्त हवेत की सूत्रधाराला मोकळीक? माझं मत असं, की हे भांडण चुकीच्या जागी चाललं आहे. फेर्डीची पद्धत चालली, कारण त्याच्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनीच लढाया पाहिल्या होत्या. पंच म्हणाला की एवढ्या उतारावर घोडदळ फुटेल, तर ते बाकीच्यांनाही पटायचं. तक्त्यात जे लिहिलं होतं ते त्यांच्या डोक्यात आधीच होतं. तोच पंच शाळकरी मुलांसमोर बसवला असता तर दर खेळीला ‘का पण?’ ऐकून त्याने तक्ते परत मागवले असते.

मधली वाट झपाट्याने तुडवू. अमेरिकेत मिनियापोलिस–सेंट पॉल भागात डेव्हिड वेझली नावाचा तरुण असे युद्धखेळ चालवायचा. १९६९ मध्ये त्याने ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव मांडलं, आणि सैन्यांखेरीज काही खेळाडूंना गावातली एकेक भूमिका दिली : कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाईला तोंड फुटायच्या आधीच ही मंडळी एकमेकांशी कारस्थानं करू लागली, वेझलीकडे ज्याचे नियमच नव्हते असल्या गोष्टी करायला निघाली. त्याला वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने ब्लॅकमूर नावाचं किल्ल्याचं आणि तळघरांचं जग उभं केलं. लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने त्याच्यासोबत नियम लिहून काढले, आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ विक्रीला आलं : एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. खेळातल्या माणसाला किती मार लागला की तो पडतो हे मोजायचे ‘हिट पॉइंट’ आर्नेसनने कुठून घेतले, तर त्याच्याच सांगण्यानुसार चिलखती लढाऊ जहाजांच्या खेळातून. माणसं बोटींसारखी मोजायची कल्पना मुरब्यात कुणालाच विचित्र वाटू नये.

३. आपल्याकडे संहितेशिवाय

मोकळ्या खेळाचा आपला इतिहास प्रशियाच्या टेबलापेक्षा जिवंत आहे. १८४३ मध्ये सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यात कथा पुढे नेणारी पदं सूत्रधार म्हणायचा, आणि राम, रावण, जनक ही पात्रं त्या त्या ठिकाणी आपापलं भाषण आयत्या वेळी करायची. संवाद लिहून पाठ केलेले नसायचे.

सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात दशावतार आजही असाच चालतो. जत्रेच्या रात्री कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं. मंडळातला जाणता माणूस रंगायच्या आधी प्रवेश कसे लागतील ते सांगतो, कुणी काय व्हायचं ते ठरतं, आणि मग पेटी-मृदंगाच्या साथीवर नट पहाटेपर्यंत बोलत राहतात. हातात कागद नाही. समोरच्या राक्षसाने एखादा बिनतोड सवाल टाकला तर देवाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, नाहीतर मांडवात हशा. पालघरच्या डोंगराकडच्या जव्हार-मोखाड्यात बोहाड्याला मुखवटे नाचतात, तिथे तर संवादाचंही फारसं काम पडत नाही. कोण आलंय ते ढोल वाजला की गावाला कळतं.

हे सगळं नियमांच्या पुस्तकावाचून शेकडो रात्री कसं काय चालतं? फेर्डीच्या टेबलासारखंच. नट, गायक आणि प्रेक्षक यांच्या डोक्यात एकच पोथी असते. भीम काय करील आणि काय करणार नाही, यावर वाद होत नाही. जिथे सगळ्यांना सगळं ठाऊक, तिथे नियम लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं.

पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. दशावतारात शेवटी कोण पडणार ते ठरलेलं असतं. राक्षस झालेल्या नटाला हरण्याचं वाईट वाटत नाही. उलट जितका रंगून हरेल तितकी वाहवा. आपल्या खेळात शेवट ठरलेला नसतो, आणि खेळणाऱ्याचा जीव आपल्या पात्रात गुंतलेला असतो. तांडेल झालेल्या भाच्याला बोट बुडायला नको आहे. गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो, त्यामुळे एलबीडब्ल्यू हा नियमच तिथे ठेवत नाहीत. भिंतीला लागला तर आउट, एवढं सगळ्यांना दिसतं. आत्याही भाच्यांचीच आत्या आहे. तिने बोट वाचवली तर धाकटा म्हणणार, तू दादाच्या बाजूने. बुडवली तर दादा जेवायला येणार नाही.

म्हणजे लिखित नियम दोन जागी लागतो. एक, जिथे टेबलावरचं कुणीच काही ठामपणे सांगू शकत नाही. दोन, जिथे सांगता येतं पण सांगणाऱ्याच्या निःपक्षपातीपणावर विश्वास ठेवणं जड जातं. बाकी सगळीकडे बोलून भागतं. आता हे एका प्रसंगावर घासून बघू.

४. तिथीची पाऊणपट

तीच रात्र, तीच बोट. गिऱ्ह्याला कसंबसं मागे टाकून तांडेलला खाडीत शिरायचं आहे. ही खाडी गाळाने भरत आलेली. ओहोटीला मोठी बोट आत घेता येत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. प्रश्न : आत्ता पाणी आहे का?

टेबलावर फक्त मुरबे-सातपाटीची पोरं असतील तर इथे फासा टाकणं वेडेपणाचं आहे. आत्या म्हणेल, ‘आज चतुर्थी.’ पोरं एका सुरात सांगतील, तीनला भरती, म्हणजे दोनला पाणी चढतंय, हळूहळू शिरता येईल. किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, म्हणजे चारची पाऊणपट तीन. अष्टमी, म्हणजे सहा. पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा, म्हणून तीच वेळ दुपारी आणि रात्री धरायची. आणि उधाणाला पाणी जास्त चढतं, भांगाला कमी, हेही त्यांना सांगावं लागत नाही.

आता हाच खेळ पुण्याच्या एखाद्या मंडळाने खेळायला घेतला तर? तिथे ‘आज चतुर्थी’ या वाक्यातून कुणाला काही कळणार नाही. सूत्रधार म्हणेल पाणी आहे, खेळाडू म्हणतील असेल बुवा. त्यांच्यासाठी नियमपुस्तकात तिथीची पाऊणपट लिहायला हवी. ती लिहिली की पुण्यातला खेळाडूही आधीपासून बेत करू लागतो : आज षष्ठी, भरती साडेचारला, तर जाळं तीनपर्यंत ओढलंच पाहिजे. चांगल्या नियमाची ही खूण आहे. त्याने निकाल तर लागतोच, पण त्याच्या जोरावर खेळाडूला पुढचं ठरवता येतं.

आडाख्यात आणखी एक गुण आहे, तो नियम लिहिणाऱ्याने डोळे उघडून बघावा. हा आडाखा ढोबळ आहे. छापील भरतीतक्त्याशी ताडून पाहिलं तर त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज निघतो. तरी तो टिकला, कारण तो हात ओले असताना, अंधारात, तोंडी करता येतो. खेळ लिहिणाऱ्या नवशिक्याचा कल नेमका उलटा असतो. तो वारा, बोटीचं वजन, इंजिनाची ताकद आणि पाण्याची खोली यांचं एक सूत्र बांधतो, चार आकडे गोळा करायला लावतो, आणि एवढं करून उत्तर येतं ते ‘बोट शिरली’. ज्या निकालाला दोनच तोंडं आहेत त्याला चार आकड्यांचा हिशेब लावू नये.

५. एक फासा की दोन?

आता जिथे खरंच कुणाला ठाऊक नाही तिथे येऊ. पाण्याखाली काय आहे ते तांडेललाही दिसत नाही. जाळ्यात काय येणार, हे फाशाचं काम.

फासा कुठला घ्यायचा? डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा आवडता फासा वीस पैलूंचा. त्यावर १ पासून २० पर्यंत प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. आपल्या घरातल्या सहा पैलूंच्या दोन फाशांची बेरीज केली तर तसं होत नाही. दोन फासे पडायच्या ३६ तऱ्हा. त्यांतून बेरीज ७ येण्याच्या सहा तऱ्हा (१ आणि ६, २ आणि ५, असं करत ६ आणि १ पर्यंत), पण १२ येण्याची एकच, दोन्हींवर सहा. म्हणजे दोन फाशांत मधले आकडे पुन्हा पुन्हा येतात, टोकाचे क्वचित. रोजची मासळी रोज, नवल कधीतरी, असं हवं असेल तर दोन फासे.

मुरब्याच्या जाळ्याचा तक्ता असा करता येईल. २ आलं : जाळं अडकून फाटलं. ३ ते ५ : डिझेलही निघत नाही. ६ ते ८ : खर्च वसूल, खलाशांचा वाटा निघेल. ९ किंवा १० : पापलेट. ११ : दाढा. १२ : घोळ. छत्तीसमधल्या तऱ्हा मोजल्या तर अनुक्रमे १, ९, १६, ७, २ आणि १. बेरीज छत्तीसच येते. आपला तक्ता करताना ही बेरीज नेहमी करून बघावी, एखादा आकडा हमखास गळतो.

फाशात गुण मिळवायची पद्धत असते. तांडेल जाणता आहे म्हणून त्याला बेरजेत १ जास्त देऊ, असं आपण सहज म्हणतो. वीस पैलूंच्या फाशावर हा एक गुण म्हणजे पाच टक्के, कुठेही गेलात तरी पाचच. दोन फाशांवर मात्र जागा बघून बोलावं लागतं. ७ किंवा जास्त हवेत, तर शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे ५८ टक्के. एक गुण दिला की ३६ पैकी २६, म्हणजे ७२. आणखी एक दिला की ८३. तिसऱ्याला ९२. पहिल्या गुणाने चौदा टक्के दिले, तिसऱ्याने आठ-नऊ. तीन गुण मिळालेला तांडेल जवळजवळ चुकतच नाही, आणि मग फासा टाकण्यात मजा राहत नाही. दोन फाशांचा खेळ लिहिणाऱ्याने गुण चिकटपणानेच वाटावेत.

वीस पैलूंच्या खेळात एक वेगळी अडचण यायची. अंधार आहे म्हणून उणे दोन, टॉर्च आहे म्हणून अधिक एक, बोट हलतेय म्हणून उणे एक. असे वजाबाकीचे तुकडे गोळा करण्यात रात्र जायची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने यातलं बरंचसं एका झटक्यात काढलं. परिस्थिती सोयीची असेल तर फासा दोनदा टाका आणि मोठा आकडा घ्या; गैरसोयीची असेल तर लहान घ्या. जिथे ११ किंवा जास्त हवेत तिथे शक्यता पन्नासवरून पंच्याहत्तरवर जाते, कारण दोन्ही फासे वाकडे पडायची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पंचवीस. एकही बेरीज न करता. गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत आवडलेला नियम हा आहे, आणि तो दहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या मिनिटात सांगता येतो.

६. एकशे सत्तावन्न घोळ

तक्त्यातल्या बाराजवळ थोडं थांबू, कारण मुरब्यात ही कल्पना नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, पावसाळी बंदी उठून महिनाही झाला नव्हता, तेव्हा मुरब्याच्या एका बोटीच्या जाळ्यात एका खेपेला १५७ घोळ आले. लिलावात त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. भागाकार केला तर एका माशाला ८४–८५ हजार. घोळीचं मांसही चांगलं, पण भाव खातं ते तिच्या पोटातलं बोत, म्हणजे हवेची पिशवी. तिला पूर्व आशियात मोठी मागणी आहे.

अशी खेप तक्त्यात बसवायची कशी? सोपी रीत म्हणजे तक्त्याच्या पोटात तक्ता. १२ आलं की घोळ. मग पुन्हा दोन फासे टाका, आणि पुन्हा १२ आलं तर एक-दोन नव्हे, अख्खा थवा. शक्यता ३६ गुणिले ३६, म्हणजे १२९६ मध्ये एक. एका बैठकीत पाचदा जाळं टाकलं जातं असं धरू. साधी घोळ साधारण सात बैठकींतून एकदा येईल, ते छान आहे. लोक तिची वाट बघतील. थवा मात्र २५९ बैठकींतून एकदा. दर आठवड्याला बसलात तर पाच वर्षांनी.

हे बरोबर आहे का? समुद्राच्या हिशेबाने कदाचित हेसुद्धा उदार ठरेल. खेळाच्या हिशेबाने मात्र तो थवा कागदावरच मरणार. इथे सूत्रधाराने फासा बाजूला ठेवावा आणि थवा स्वतःच्या हाताने गोष्टीत सोडावा, असं मी म्हणेन; पण जिंकलेलं बक्षीस म्हणून नव्हे, सुरुवात म्हणून. पहिल्याच रात्री आत्या म्हणते, ‘जाळं जड लागतंय. दीडशे घोळ आहेत.’ मग खेळ सुरू. बर्फ पुरेल का? ही बातमी वायरलेसवरून फुटली तर धक्क्यावर कोण कोण उभं असेल? नाखव्याचा वाटा किती, खलाशांचा किती? आणि गिऱ्हा आपला वाटा मागायला आला तर आता तो सुकटीवर भागेल?

७. मधला निकाल

सुकटीचा प्रश्न अजून लटकलेलाच आहे, तो आता सोडवू. मुरब्याची पोरं गिऱ्ह्याबद्दल पुष्कळ ऐकून आहेत, पण प्रत्येकाच्या आजीने वेगळं सांगितलंय. म्हणजे इथे ठाम कुणालाच माहीत नाही. फासा टाकायला हरकत नाही.

पण टाकण्याआधी आत्याने दोन्ही बाजूंचा निकाल मनात धरलेला हवा. ‘राजी झाला नाही’ एवढाच जर दुसरा निकाल असेल तर फासा वाकडा पडल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघतात. नवख्या टेबलांवर सर्वांत जास्त वेळ असाच जातो : कुलूप उघडलं नाही, पुन्हा टाकू, नाही उघडलं, पुन्हा टाकू. व्हिन्सेंट बेकरच्या २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने यावर केलेला उतारा पुढे अनेकांनी उचलला. दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त, तर हवं ते मिळालं. ७ ते ९, तर मिळालं, पण काहीतरी किंमत देऊन. ६ किंवा कमी, तर आता सूत्रधाराची पाळी, आणि तो गप्प बसणार नाही. टक्केवारी अनुक्रमे १७, ४२ आणि ४२. म्हणजे पूर्ण यश दुर्मीळ, आणि कसंबसं निभावणं फार वेळा. गोष्टी त्यातूनच जन्मतात.

पाहुण्याने दोन फासे टाकले : ५ आणि ३, आठ. आत्या म्हणते, ‘सुकट घेतली त्याने. पिशवीसकट. आणि तुझं नाव विचारतोय.’ पाहुणा म्हणतो, ‘खोटं सांगतो.’ खलाशी ओरडतो, ‘अरे, खोटं नको सांगूस!’ सुकट चालते की नाही हा वाद त्या क्षणी सगळे विसरलेले असतात.

८. तयारी किती करायची

सूत्रधार होऊ पाहणाऱ्याची पहिली चूक ठरलेली : तो कादंबरी लिहून आणतो. खलाशी सातपाटीला जातील, तिथे म्हातारा भेटेल, तो शिरगावच्या किल्ल्यात पाठवेल. खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत उत्तरेला नांदगावकडे निघतात आणि कादंबरीची रद्दी होते. सूत्रधार मग त्यांना मुरगाळून सातपाटीला आणू बघतो, आणि त्यांना ते कळतं.

कथानक न लिहिता परिस्थिती लिहावी. एक बोट परत आलेली नाही. का, ते सूत्रधाराला पक्कं ठाऊक हवं. खेळाडू ते कसं शोधतील, हे त्याने ठरवू नये. याबाबतीत जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने सांगितलेला तीन खुणांचा नियम फार उपयोगी आहे : खेळाडूंना जी गोष्ट कळायलाच हवी तिच्या किमान तीन खुणा वेगवेगळ्या जागी पेरा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतील, तिसरी लागू पडेल. बोटीच्या जाळ्याचा तुकडा शिरगावच्या वाळूत, बर्फाच्या कारखान्याच्या वहीत न फेडलेली उधारी, आणि केळव्याच्या बाजारात कुणीतरी विकायला आणलेलं होकायंत्र. कुठेही गेले तरी काहीतरी हाताला लागतं.

ज्यांना तलवारीच हव्यात त्यांनी ड्रॅगन आणण्याआधी याच किनाऱ्याकडे बघावं. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर हे पोर्तुगीजांचे किल्ले एकामागून एक घेतले, आणि तारापूरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भीवराव पडले. तटाला शिड्या लावण्याच्या आदल्या रात्री किल्ल्यात शिरलेली चार माणसं, यापेक्षा चांगली बैठक मला सुचत नाही.

तयारीचा दुसरा भाग खेळाबाहेरचा असतो, आणि पुस्तकं त्याला क्वचितच जागा देतात. बोईसरच्या पाहुण्याची कधी फर्स्ट शिफ्ट असते, कधी नाइट. तांडेल झालेला भाचा खराच बोटीवर गेला तर आठवडाभर येत नाही. अशा टेबलावर वर्षभराची सलग कथा टिकत नाही. मग नियमच असा करायचा : बैठक संपेपर्यंत बोट बंदरात आलीच पाहिजे. पुढच्या खेपेला जे हजर ते खलाशी. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या सुरुवातीच्या टेबलांवरही माणसं अशीच येत-जात असत. तळघरात उतरायचं, मिळेल ते घेऊन त्याच रात्री वर यायचं.

९. वादाची वही

नियम कितीही विचारपूर्वक लिहिला तरी खेळ त्याच्याबाहेर जातो. कुणीतरी विचारणार, ‘घोळीचं बोत गिऱ्ह्याला दिलं तर?’ अशा वेळी पुस्तक उघडून पानं चाळत बसू नये. सूत्रधाराने तिथल्या तिथे निकाल द्यावा, ‘आजपुरता’ म्हणून सांगावं, आणि खेळ पुढे न्यावा. वाद घालायचा तो बैठक संपल्यावर, चहाबरोबर. तिथे जे ठरेल ते एका वहीत लिहून ठेवायचं. आजपुरत्या निकालांतले निम्मे पुढच्या वेळी बदलतात, ते खोडून वर नवा निकाल लिहायचा. जुना दिसला पाहिजे, कारण ‘तेव्हा तर तू असं म्हणाली होतीस’ हे येणारच असतं.

आपल्या आत्याची वही दोन-चार महिन्यांनी साधारण अशी दिसेल. ‘खाडीत शिरताना फासा नाही, तिथी बघा.’ ‘जाळं : दोन फासे, तक्ता मागच्या पानावर. फाटलेलं जाळं शिवायला एक पूर्ण बैठक.’ त्याखाली खोडलेलं : ‘टॉर्च मारली तर गिऱ्हा पळतो.’ त्याच्या वर बारीक अक्षरात : ‘पळत नाही. मागे सरतो, फासा टाका.’ आणि शेवटी, वेगळ्या अक्षरात, बहुधा धाकट्या भाच्याने लिहिलेलं : ‘दादाचे फासे दादाने घरून आणायचे नाहीत.’